बोलिव्हियाची उंची

बोलिव्हियाचा पुरुषांचा राष्ट्रीय बास्केटबॉल संघ रत्नागिरीला स्पर्धेसाठी आला तेव्हा येताना स्वतःची उंची घेऊन आला. उंची म्हणजे खेळाडूंची नव्हे; ती बेताचीच होती. ही त्यांच्या डोंगरमाथ्यावरच्या ला पाझ शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची. विमानतळावर ती कुणी अडवली नाही, कारण दिसण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. जमीन होती तिथेच राहिली, माडही जागचे हलले नाहीत. संघ जिथे जाई तिथे त्याच्या आजूबाजूला, साधारण एका मोठ्या अंगणाएवढ्या जागेत, हवा विरळ आणि गार होई, एवढंच.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते मलुष्टेकाकूंच्या. संघ त्यांच्याच लॉजवर उतरला होता. त्यांनी दुभाष्याला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"अन्वरभाई, ह्यांना जरा विचारा. सकाळपासून डाळ खदखदतेय मेली आणि दाणा जसाच्या तसा. दोन पायऱ्या चढले तर धाप लागते. आणि हे सगळे स्वेटर घालून बसलेत, ते का?"

अन्वरभाई सोलकर निवृत्त खलाशी. उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांवर गेली, त्यातली बरीच दक्षिण अमेरिकेच्या बंदरांत. रत्नागिरीत स्पॅनिश येणारा दुसरा माणूस नव्हता, म्हणून आयोजकांनी त्यांना संघाबरोबर दिलं होतं. त्यांनी प्रशिक्षकांना, डोन सेवेरिनोंना, विचारलं आणि परत येऊन सांगितलं, "वहिनी, उंची राष्ट्रीय आहे म्हणतात. संघ तिथे ती. घरी ठेवून येता येत नाही."

"बरं. मग कुकर लावते," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

पहिल्याच सामन्यात श्रीलंकेचे खेळाडू मध्यंतरापूर्वीच बाकावर आडवे झाले. त्यांच्या व्यवस्थापकांनी हरकत घेतली. स्पर्धेचे सचिव आगाशे सर शांत माणूस. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि निर्णय दिला, "चेंडू आणि मैदान यजमानांचं. बूट, टॉवेल आणि हवामान ज्याचं त्याचं." प्रेक्षक कानटोप्या घालून येऊ लागले, आणि बोलिव्हिया एकेक सामना जिंकत पुढे सरकला.

मधे एका खेळाडूचा गुडघा दुखावला. डोन सेवेरिनोंनी त्याला संघातून वगळलं आणि अन्वरभाई त्याला दवाखान्यात घेऊन गेले. रिक्षा लॉजचा कोपरा वळली तसा तो स्वेटर काढू लागला. दवाखान्यात पोचल्यावर त्याने पहिली गोष्ट मागितली ती पंखा. उंची संघाची असते, माणसाची नसते, हे त्यावरून सगळ्यांना कळलं.

एफ्राइन कोल्के हा संघाचा कप्तान. खांद्याने रुंद, बोलायला मऊ, आणि आता कारकिर्दीच्या शेवटाला आलेला. त्याने आजवर कधी कुणाला मुद्दाम धक्का मारला नव्हता. उपांत्य सामना जिंकल्यावर त्याने अन्वरभाईंपाशी एकच गोष्ट मागितली. त्याला समुद्र बघायचा होता.

बोलिव्हियाला समुद्र नाही. पूर्वी होता, तो एका लढाईत गेला. अजून ते लोक दरवर्षी मार्चमध्ये समुद्राचा दिवस पाळतात, बँड वाजवतात, भाषणं करतात. एफ्राइन लहानपणी त्या दिवशी कागदाची टोपी घालून खलाशी झाला होता.

मग सगळा संघ मांडवीच्या किनाऱ्यावर गेला. काकूही बरोबर गेल्या. खेळाडूंनी बूट काढले, पँट्स वर दुमडल्या आणि ते पाण्याच्या कडेला ओळीने उभे राहिले. लाट आली, त्यांच्या पायांवरून गेली आणि परत फिरली. एफ्राइनने खाली बघितलं. पाय कोरडे होते. तो गुडघाभर पुढे गेला. पाणी त्याच्या भोवती होतं, पण त्याला लागत नव्हतं.

"असं कसं?" काकूंनी विचारलं.

अन्वरभाईंनी थोडा विचार केला. "हे समुद्रसपाटीच्या फार वर आहेत, वहिनी. समुद्र इतक्या वर कसा येणार?"

एफ्राइन बराच वेळ तसाच उभा राहिला. लॉजवर आल्यावर तो जेवला नाही. काकूंनी भाकरी पुढे केली, तीही त्याने हात जोडून परत केली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याने प्रशिक्षकांकडे विषय काढला.

"सर, मला वगळा. तासाभरापुरतं."

"आज अंतिम सामना आहे," डोन सेवेरिनो म्हणाले.

"मग सामना झाल्यावर."

"सामना झाला की लगेच बस निघते. आणि कप्तानाला वगळायला कारण लागतं. तुझा गुडघा दुखतोय का?"

"नाही, सर."

"मग तू संघात आहेस."

अन्वरभाईंनी हे सगळं काकूंना मराठीत सांगितलं. काकू एफ्राइनला म्हणाल्या, "सरांनी नाही वगळलं तर पंच बाहेर काढतात की नाही तुमच्यात?" अन्वरभाईंनी त्याचं भाषांतर केलं. एफ्राइनने सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली, आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

अंतिम सामना मालदीवशी होता. मालदीव हा अगदी सखल देश, त्यामुळे त्यांच्या खेळाडूंना सगळ्यात जास्त त्रास झाला. तरीही ते हटेनात. एकेक जण बाहेर येऊन प्राणवायूचा मास्क लावी आणि पुन्हा आत जाई. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा दोन्ही संघांचे गुण सारखे होते. चेंडू एफ्राइनच्या हातात होता. तो थांबला, पंच शिवलकर बाईंकडे गेला आणि काहीतरी बोलला. बाईंनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि अन्वरभाईंना आत बोलावलं.

"काय म्हणतायत हे?"

अन्वरभाईंनी घसा साफ केला. "आपल्याला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे."

"मला चष्मा आहे. चष्म्यातून नीट दिसतं. आणखी काही?"

एफ्राइन पुन्हा बोलला. या वेळी त्याचा चेहरा लाल झाला होता.

"आपण गाढव आहात, असंही म्हणणं आहे. त्याबद्दल ते माफीही मागतायत."

"त्यांना खरंच तसं वाटतं, की नुसतं म्हणणं आहे?"

अन्वरभाईंनी विचारलं. एफ्राइनला खोटं बोलता येईना.

"नुसतं म्हणणं आहे," अन्वरभाई म्हणाले.

"मग मी काही करू शकत नाही. खेळा."

एफ्राइनने इकडेतिकडे बघितलं. मग त्याने चेंडू मैदानाच्या मधोमध ठेवला आणि त्यावर बसला. डोन सेवेरिनो बाजूने ओरडत होते. शिवलकर बाईंनी एक तांत्रिक फाउल दिला आणि त्याला उठायला सांगितलं. तो उठला नाही.

"आणखी एक दिला तर बाहेर जावं लागेल. हे तरी मनापासून आहे का?"

"हे अगदी मनापासून आहे," अन्वरभाई न विचारताच म्हणाले.

बाईंनी शिट्टी वाजवली आणि दाराकडे हात केला. एफ्राइनने चेंडू पुसून त्यांच्या हातात दिला, त्यांना वाकून नमस्कार केला आणि तो धावत सुटला. सभागृहाबाहेर पोचला तसे त्याचे कान फट्कन मोकळे झाले आणि अंगावर दमट, गरम हवा आली. रिक्षावाल्याला त्याने एकच शब्द सांगितला, "मांडवी."

इकडे त्या दोन फाउलांबद्दल मालदीवला दोन फ्री थ्रो मिळाले; पहिला हुकला, मग दुसरा मारला. चेंडू कडीवर फिरला, थबकला आणि आत पडला. उरलेल्या वेळात आणखी गुण झाला नाही आणि बोलिव्हिया त्या एका गुणाने हरला.

डोन सेवेरिनो पाय आपटत बसमध्ये चढले. बस मांडवीला थांबवा, एवढंच त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. काकू डब्यांसह मागच्या सीटवर होत्या. सगळ्यांना वाटलं, आता सर त्याला किनाऱ्यावरच फाडून खाणार.

एफ्राइन कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. कपडे अंगाला चिकटले होते. लाट आली की तो पाठ फिरवून ती खांद्यावर घेई आणि मोठ्याने हसे. डोन सेवेरिनो तावातावाने वाळूत उतरले. अर्ध्यावर ते एकदम थांबले आणि मागून येणाऱ्या संघाला त्यांनी हात आडवा केला.

"पुढे जाऊ नका. आपण जवळ गेलो तर त्याचा समुद्र जाईल."

सगळे तिथेच उभे राहिले, स्वेटर घालून, हातावर हात चोळत. एफ्राइनने त्यांना बघितलं आणि ओंजळीतलं पाणी उंच उडवलं.

"कसा आहे?" डोन सेवेरिनोंनी ओरडून विचारलं.

"खारट आहे, सर! आणि ढकलतो!"

प्रशिक्षकांनी नाक पुसलं. मग शेजारच्या उंच पोराकडे वळून ते खड्या आवाजात म्हणाले, "रिवेरो, तू संघात नाहीस." रिवेरो क्षणभर गोंधळला आणि मग स्वेटर काढत धावला. "आर्से, तूही नाहीस. सालिनास, चालू लाग." असे एकेक करत त्यांनी सगळ्यांना वगळलं. मांडवीच्या पाण्यात बोलिव्हियाचे खेळाडू ओरडत होते, एकमेकांना बुडवत होते, आणि सगळी उंची एकट्या डोन सेवेरिनोंवर आली होती. ते वाळूत बसले. ओठ निळे पडले होते.

काकूंना ते बघवेना. "अन्वरभाई, म्हाताऱ्यालाही एकदा पाय भिजवू दे की."

अन्वरभाईंनी प्रशिक्षकांना तसं सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "कुणीतरी संघात असायला हवं. संघच उरला नाही तर उंची कुठे जाईल, मला माहीत नाही. ती माझी नाही, देशाची आहे."

"मी बसतो," अन्वरभाई म्हणाले.

डोन सेवेरिनोंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग ते उभे राहिले, आपल्या गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी अन्वरभाईंच्या गळ्यात घातली, हात मिळवला आणि पँट दुमडत ते पाण्याकडे गेले. त्या संध्याकाळी बोलिव्हियाच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघात अन्वरभाई सोलकर एकटेच होते.

"थंडी वाजते?" काकूंनी जरा लांबून विचारलं.

"वाजते. पण वहिनी, इथून पार लांबचं दिसतं हो. ती बघा, मस्कतकडे निघालेली बोट. डेकवर कुणीतरी कपडे वाळत घालतंय."

"मला नाही ती दिसत."

"इकडे सरा."

काकू सरकून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांना धाप लागली, कान गार पडले. त्यांनी पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि डोळे बारीक केले.

"दिसली," त्या म्हणाल्या. "निळी लुंगी आहे."

दिवस कलला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. पाण्यातले सगळे बाहेर येऊन, अंग पुसून, बसपाशी जमले आणि हाका मारू लागले. बोलिव्हियाचा संघ काही जागचा उठला नाही.