ओट्यापर्यंतची वायर

आमच्या वरच्या मजल्यावरचे नागोकाका कुठलीही लांब वस्तू दिसली की दोन्ही हातांत धरून ताणून बघतात. कपड्यांची दोरी, पिशवीचा बंद, पाहुण्याचा पट्टा, काहीही. माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मुंडावळ्या ओढून पाहिल्या आणि भर मांडवात निकाल दिला, "ढिलं हाय!" नवरीकडचे लोक अजून त्याचा अर्थ लावताहेत.

याला कारण आहे. घाटंजीकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये काकांनी उभं आयुष्य कापसाच्या गाठी आवळल्या. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला कुलूप लागलं आणि काका-काकू यवतमाळला आमच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आले. आता आवळायला काही उरलं नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या तावडीत इंटरनेट सापडलं.

मुलगी मनीषा बंगलोरला. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल. पण राउटर दारापाशी आणि मधे भिंतीच भिंती, त्यामुळे आवाज यायचा नि चित्र मात्र थिजून बसायचं. विमलकाकू मुळात अबोल, हसून मान डोलावणाऱ्या. त्या जरा वेळ बघायच्या, मग "तुमीच बोला" म्हणून स्वयंपाकघरात निघून जायच्या. पुढे पुढे तर त्या कॉलवर यायच्याच बंद झाल्या.

काकांनी जाहीर केलं, "हवेवर आपला भरोसा नाई. वायर टाका लागते. राउटरपासून सिधी ओट्यापर्यंत!"

"काका, ओट्यावर इंटरनेट कायले?"

"तुयी काकू कुठं असते लेका? दिवाणखान्यात?"

झालं! घरभर खडूच्या रेषा उमटल्या. सुतळी ताणून भिंती मोजल्या गेल्या. सुतळीचं दुसरं टोक धरायला अर्थातच मी. बेडरूमच्या चौकटीवरून जावं की बाथरूमच्या, यावर काकांनी असा खल केला, जणू रेल्वेमार्गच न्यायचा आहे. दुकानात त्यांनी केबलचं टोक सोलायला लावलं. तांब्याच्या तारांसोबत आतून एक बारीक धागा बाहेर आला आणि काकांचा चेहरा उजळला. "पाह्य! धाग्याबिगर काईच चालत नाई जगात." धागा ताणून बघितला. पास झाला. केबल घेतली.

रविवारी काकूंच्या ओट्यावर लॅपटॉप विराजमान झाला. मनीषाचा कॉल आला. आणि चित्र पहिल्यापेक्षा वाईट! मुलगी तोंड उघडं ठेवून जी थांबली ती थांबलीच. काकूंनी एकदा पाहिलं आणि पाठ फिरवून पिठाची परात पुढं ओढली.

काका मटकन पाटावर बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "तिले ऐकू येत नाई रे. जिनिंगमधे मशीनीपाशी काम करून करून कान गेले. तिथं साऱ्याच बाया एकमेकीचे ओठ पाहून बोलत. अजूनबी ती तसंच ऐकते. चित्र थांबलं का तिची पोरगी मुकी होते. कोणाले सांगजो नको, तिले नाई आवडत."

मी उगाच वायरीकडे बघत राहिलो, आणि तेव्हा दिसलं. प्रत्येक कोपऱ्यावर काकांनी लोखंडी पट्टी ठोकून वायर अशी आवळली होती, की ती पार चपटी झाली होती.

"काका, ही कापसाची गाठ नाही. आतल्या तारा दबल्या. ढिली सोडा."

"ढिली?" मी काहीतरी अश्लील बोललो असा त्यांचा चेहरा झाला. "मी? ढिली सोडू?"

त्यांनी पत्नीच्या पाठीकडे पाहिलं. मग उठले, पक्कड घेतली आणि एकेक पट्टी स्वतःच्या हातानं उखडली. तारा तुटल्या नव्हत्या, नशीब. वायर चौकटींवरून लग्नघरच्या तोरणासारखी लोंबू लागली. काका तिच्याकडे बघायचं टाळत होते.

पुन्हा कॉल लावला. मनीषा हलली. हसली. बोलत सुटली.

मी काकूंच्या खांद्याला हात लावून पडद्याकडे बोट दाखवलं. थापलेली भाकर तव्यावर टाकून त्या वळल्या आणि तशाच उभ्या राहिल्या, पिठाचे हात हवेत. नजर पडद्यावर, लेकीच्या तोंडावर. मग त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"ओठ काहून फुटले वं तुये? रात्री तूप लावत जा!"

पलीकडे मनीषा हसता हसता रडायला लागली. मग मायलेकी अशा सुटल्या, की आम्ही दोघं तिथं आहोत हेही विसरल्या. तव्यावरची भाकर करपायला आली होती. काकांनी सराटा उचलला आणि जराही आवाज न करता ती उलटली.