सिआलेच्या कानातलं यंत्र

सिआलेचं कानातलं यंत्र डुकराने खाल्लं, हे कळलं तेव्हा तिची आई लुपे खोबऱ्याचं दूध पिळत होती. ते तसंच राहिलं.

सिआले आठ वर्षांची. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून मोठ्या बेटावरच्या दवाखान्यातून नुकतंच हे यंत्र मिळालं होतं. शाळेतून येताना ते दगडावर काढून ठेवलं आणि डुकराने गिळलं, असं ती खाली बघत सांगत होती. कोणतं डुक्कर, असं फेलेतीकाकाने विचारल्यावर तिने समोर दिसलं त्याकडे बोट केलं. ते नेमकं पाद्रीबाबांचं निघालं.

"आत गेलंय ते बाहेर येणारच," फेलेती म्हणाला आणि त्याने डुक्कर परसात कोंडलं. त्याच्यामागून शेजाऱ्यांची आणखी दोन आत घुसली. तिन्ही सारखीच काळी, त्यामुळे गुन्हेगार कोण हे त्यालाही सांगता येईना. मग तिघांवरही पहारा बसला. त्यांचं पोट लवकर साफ व्हावं म्हणून पपया घातल्या, नारळ घातले, शेवटी रविवारच्या जेवणाच्या अळकुड्याही गेल्या. डुक्कर शोधत आलेल्या पाद्रीबाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक काठी मागून तेही तिथेच बसले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्धं गाव कुंपणाला टेकलं होतं. एखादं डुक्कर जरा कोपऱ्यात सरकलं, की सगळे आशेने वाकायचे.

केलेसीआजी तेवढी ओट्यावर सगळ्यांकडे पाठ करून चटई विणत होती. गेली कित्येक वर्षं तिला हाका ऐकू जात नव्हत्या. लोकच हल्ली पुटपुटतात, असं तिचं मत होतं.

डुकरांचे हाल बघून सिआलेला रडू फुटलं. लुपेने तिला आत नेलं.

"मुलं मला रेडिओ म्हणतात," ती हुंदके देत कुजबुजली. "डुकराने नाही खाल्लं. मी लपवलं होतं. पण आता तिथे नाहीये."

"कुठे लपवलं होतंस?"

"आजीच्या चटयांखाली."

"तिला रागावू नकोस," ओट्यावरून मान न वळवता आजी म्हणाली. "आणि लुपे, म्हातारी भिंतीसारखी बहिरी आहे असं काल शेजारणीला सांगत होतीस, तेही ऐकलंय मी."

लुपे ओट्यावर धावली. आजीने केस बाजूला केले. यंत्र तिच्या कानाला सैल होत होतं, म्हणून चिंधी खोचून बसवलं होतं.

सिआले जवळ आली तशी आजीने तिला मांडीवर ओढलं. "लोक म्हातारी म्हणतील म्हणून मी इतकी वर्षं ऐकू येतंय असं सोंग केलं. काल विणताना चटईची पानं वाजली. ती वाजतात हे विसरूनच गेले होते मी. तू कशाला माझ्यासारखी वेडी होतेस?" मग तिने यंत्र काढून नातीच्या कानात बसवलं. काढताना हात जरा रेंगाळला, ते सिआलेने पाहिलं.

फेलेतीने डुकरं सोडली. ती इतकी जेवली होती, की जायला तयार होईनात. अळकुड्या गेल्या म्हणून कुणी कुरकुरलं नाही. उलट शेजारच्यांनीच रविवारसाठी आपल्यातल्या आणून दिल्या.

शाळेत पुन्हा कुणीतरी रेडिओ म्हणालं. सिआले म्हणाली, "आहेच. तुम्ही मागे बसून काय बोलता तेही लागतं त्यावर." मागचा बाक एकदम गप्प झाला आणि मधल्या सुट्टीत यंत्र बघायला रांग लागली.

पुढे आजीसाठीही एक आलं. त्या रविवारी पाद्रीबाबांनी देवाचे आभार मानायला घेतले. पाऊस, मासे, नारळ, मग एकेका घराचं नाव. प्रार्थना लांबत चालली, तेव्हा लुपेने डोळे किलकिले केले. शेजारी आजी आणि नात मान खाली घालून भक्तिभावाने बसल्या होत्या आणि दोघींचे हात एकाच वेळी हळूच कानाकडे गेले. टिक, टिक. दोन्ही यंत्रं बंद.

या दोघी दिल्याबद्दल लुपेने देवाचे मनापासून आभार मानले. स्वतःसाठी तिसरं यंत्र मागावं की नाही, याचा मात्र ती बराच वेळ विचार करत राहिली.