तात्यांची थोरली, मधली आणि धाकटी

तुम्हाला जीप घ्यायची असेल, तर आमचे तात्या आधी ऐन जेवणाच्या वेळी तुमच्या घरी येऊन बसत. जेवायला नव्हे, जेवणारी माणसं बघायला. कोण मांडी घालून बसतं, कोण भिंतीला टेकतं, कोणाचं पोर कोणाच्या ताटात हात घालतं, सगळं निरखून झालं की म्हणत, "पंगत बगितल्याबिगर मी गाडी सांगत न्हाय."

तात्या राजारामपुरीतले आमचे शेजारी. साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांची स्वतःची मोपेड चढावर पायडल मारल्याशिवाय हलत नसे. पण नव्वदच्या दशकात कोल्हापुरात जो तो जीपची भाषा बोलू लागला आणि तात्यांना उद्योग सापडला. त्यांचं मन एकाच कंपनीवर जडलेलं. तिचं नावही ते घेत नसत, सासुरवाडीबद्दल बोलावं तसं अदबीनं नुसतं "कंपनी" म्हणत. तिच्या तीन जीपगाड्यांना मात्र त्यांनी आपली नावं दिली होती: थोरली, मधली आणि धाकटी.

थोरली कापडी टपाची. "शेरडं भरा, कडबा टाका, चिखलात घाला, कुरकुर न्हाय." मधली बंद टपाची, मागं समोरासमोर बाकं. "घरंदाज हाय." धाकटी उंच, चकचकीत, बटण दाबलं की काच खाली. "देखनी हाय, पन तिचं ऐकून घ्यावं लागतं."

शिरोळचे एक ऊसवाले धाकटीवर भाळले होते. तात्या त्यांचा मळा बघून आले आणि तोंडावर म्हणाले, "पावणं, पावसाळ्यात तुमची वाट कुठली आनि वढा कुठला, कळत न्हाय. धाकटी तितं रडंल. थोरली न्या." पन्हाळ्याच्या एका लॉजवाल्याला त्यांनी मधली घ्यायला लावली, कारण समोरासमोर बसलं की प्रवाशांना गप्पांत घाट कळत नाही म्हणे. हातकणंगल्याच्या एका नव्या ठेकेदाराला मात्र पंगतही न बघता धाकटी सांगून टाकली. मी कारण विचारलं.

"त्येला गाडीत बसायचं न्हाय, गाडीतनं उतरायचंय," तात्या म्हणाले. "चार लोकांत उतरताना शोभाय नगो व्हय?"

शोरूमचे लोक आधी त्यांना बघून तोंड लपवत. पुढं त्यांनीच तात्यांसाठी दाराजवळ खुर्ची ठेवली.

माझी पाळी आली ती दोन हजार साल उलटल्यावर. आईचे गुडघे गेले होते. शिरोळ तालुक्यातली मावशी अंथरुणाला खिळली होती आणि आईला एसटीची पायरी चढवत नव्हती. एकदा भाड्याची जीप आणली, तर तीत आईचा पाय पोचेना. आम्ही तिला उचलून ठेवायला पुढं झालो, तशी ती कडाडली, "मी काय उसाची मोळी हाय व्हय?" आणि घरात निघून गेली. पण रोज संध्याकाळी म्हणायची, "अक्कीला एकदा डोळ्यांनी बघितलं असतं की रं." अक्की म्हणजे तिची थोरली बहीण.

मी बँकेतून कर्ज काढलं. आता खरं सांगायचं, तर निमित्त आईचं होतं आणि माझा डोळा धाकटीवर होता.

ठरल्याप्रमाणे तात्या जेवणाच्या वेळी आले. आम्ही खाली, आई कॉटवर ताट घेऊन. ती उठताना खिडकीचा गज धरून उठली, तेवढं बघून तात्या गेले. दुसऱ्या दिवशी रिक्षा घेऊन हजर. "वैनी, चला. गाडी तुमी बगायची."

शोरूममध्ये मी हट्टानं धाकटीचं दार उघडलं. आईनं पाय उचलला. पोचला नाही. एक विक्रेता धावत जाऊन स्टूल घेऊन आला. चार माणसं बघायला लागली, तशी आई मागं सरली. "ऱ्हाऊ दे. तुमी घ्या गाडी. मी आता कुठं जातीया?"

"पावणं, ते स्टूल उचला," तात्या गरजले. "वैनींनी काय माळ्यावरचं डबं काढायचंत?"

त्यांनी मधलीचं पुढचं दार उघडलं. पायरी खाली, हाताशी धरायला दांडा. आईनं दांडा धरला, पाय ठेवला आणि कोणाचा हात न घेता वर जाऊन बसली. मग उतरेचना. "बसू द्या की वाईच. च्या येतोय न्हवं?"

मधली घरी आली, तो रविवार होता. लगेच शिरोळला निघायचं होतं. तात्यांनी चाकापुढं नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि ते घराकडं वळले. एवढ्या लोकांना गाड्या जमवून दिल्या, पण कुठल्याही घराच्या पहिल्या फेरीत हा माणूस कधी बसला नव्हता. आईनं काचेतून हाक मारली, "तात्या, कुठं निगालासा?"

"तुमची घरची मानसं बसू द्या, वैनी."

"मग तुमी कुनाचं?"

तात्या मागच्या बाकावर पोरांमध्ये बसले. शिरोळ येईपर्यंत दर खड्ड्याला पोरांना धरत होते.

मावशीनं आईचा हात घट्ट धरला. "कशी आलीस गं?"

"माज्या पायानं चडून आले, अक्की," आई म्हणाली. दाराशी उभे असलेले तात्या टोपी काढून उगाच झटकत राहिले.

परतताना दिवेलागण झाली होती. गल्लीत शिरताना तात्या मागून हळूच म्हणाले, "माज्या दारात जरा थांबीव. आनि हॉर्न मार एकदा."

"घरात कोण हाय, तात्या?"

"कोन न्हाय रं." त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. "पन मानूस गाडीतनं घरला आलं की हॉर्न मारत्यात न्हवं?"

मी हॉर्न वाजवला. अंधारात दाराचं कुलूप तेवढं दिसत होतं. तेवढ्यात पुढचं दार उघडून आई खाली उतरली, सावकाश चालत तात्यांच्या दारात गेली आणि आमच्याकडं तोंड करून उभी राहिली.

"आलासा?" ती म्हणाली. "दमला असशीला. या."

तात्यांना बराच वेळ गाडीतून उतरताच येईना.