पापड सादळला की

आमच्या शेजारचे गुप्ते काका रोज सकाळी साडेसहाला गॅलरीत येतात, जाळीखाली झाकून ठेवलेला भाजलेला पापड उचलतात, कानाशी धरतात आणि मोडतात. 'कट' असा आवाज आला तर काका आत जाऊन चहा घेतात. आवाज आला नाही, पापड नुसताच वाकला, तर काका आमच्या बेलवर बोट ठेवतात आणि दारात उभे राहून, घरातलं माणूस गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात सांगतात, "मेधा, सादळला."

जून ते सप्टेंबर पापड रोजच सादळतो. त्यामुळे चार महिने आमच्या दारात रोज सकाळी ही बातमी येते. दूधवाल्याच्या आधी.

"काका, हवेतली ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं हो," मी एकदा म्हटलं.

"त्याला बॅटरी लागते. आणि यंत्र चुकलं तर खाता येत नाही."

हा सगळा खटाटोप एका कॅमेऱ्यासाठी. कॅमेरा जुना, आणि त्याला एकच भिंग. त्या भिंगाच्या कडेला आतून बुरशी आली आहे, जिऱ्याच्या दाण्याएवढी, कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढुरकी. काका टॉर्च मारून ती मला दर महिन्याला दाखवतात आणि विचारतात, "वाढली का गं?" प्रश्न असा विचारतात की मीही चष्मा पुसून पुन्हा बघते. बुरशी वाढली तर भिंग गेलं, आणि या बनावटीचं भिंग आता कुठेच मिळत नाही.

"मग पुसून का घेत नाही? स्टेशनजवळ दुरुस्तीवाला आहे की."

यावर काका पापडाकडे बघतात.

भिंग वाचवायला त्यांनी लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात पंधरा वॉटचा दिवा बसवला आहे. तो पावसाळाभर अहोरात्र जळतो. त्याच्या उबेत, पांढऱ्या पंचाखाली कॅमेरा, आणि भोवती ओल शोषणाऱ्या पुड्यांचा पहारा. या पुड्या काका चपलांच्या खोक्यांतून, औषधांच्या बाटल्यांतून गोळा करतात. बिल्डिंगमध्ये कोणी नवी पर्स आणली की अभिनंदनाच्या आधी, "पुडी टाकली नाहीस ना?" पुडीतले मणी निळे असतात, ओल प्याले की गुलाबी होतात. निळे ते आपले, गुलाबी ते फितूर. मग काका गुलाबी मणी कढईत घालून भाजत बसतात, ते पुन्हा निळे होईपर्यंत.

"पोहे भाजताय का?" आमच्या सासूबाईंनी दारातून विचारलं होतं.

"गद्दार भाजतोय, मावशी."

सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी, आणि त्यांची नजर फक्त देवाधर्मापुरतीच तेज. एका सकाळी फुलांची परडी घेऊन येता येता त्या वाटी परत द्यायला काकांकडे गेल्या. कपाटाचं दार किलकिलं होतं. आत मंद दिवा, पांढरं वस्त्र, वस्त्राखाली काहीतरी काळंभोर. सासूबाईंनी चपला काढल्या, हात जोडले आणि परडीतली टवटवीत जास्वंद पंचावर वाहिली.

काकांची किंकाळी खाली वॉचमनपर्यंत गेली.

"मावशी! ओलं फूल!"

"अहो, मग देवाला काय सुकं वाहू?"

दोघं आठ दिवस बोलत नव्हती. "कसला मेला देव," सासूबाई म्हणायच्या, "फुलाला घाबरतो!"

आता तुम्ही म्हणाल, एवढा ओलीला भिणारा माणूस पावसाळ्यात घराबाहेर पडत नसेल. पडतो ना! वर्षातून एकदा, ऐन ऑगस्टमध्ये, तोही कुठे तर माळशेज घाटात. फोटो काढायला. एकच फोटो. पूर्वी शैलाकाकू बरोबर जायच्या. काकूंना जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून काका एकटे जातात. यंदा गुडघ्याने दगा दिला आणि छत्रीधारक म्हणून माझी नेमणूक झाली.

खोपटच्या डेपोतून आम्ही सकाळची एसटी धरली. कॅमेरा शॉवर कॅपमध्ये, ती दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, ती कचऱ्याच्या काळ्या पिशवीत, आणि ते सगळं काकांच्या पोटाशी. कल्याण सुटलं तसा वारा आत आला.

"ओ दादा, काच ओढून घ्या, गाडीत पेशंट आहे!"

सगळी एसटी वळून पेशंट शोधू लागली. कंडक्टर जवळ आला. "कुठाय पेशंट?"

काकांनी काळी पिशवी थोडी वर केली.

"याचं हाफ तिकीट घ्यायला लागेल," कंडक्टर म्हणाला, पण काच त्यानेच ओढली.

मी हसत होते. खरं सांगते, मुरबाडपर्यंतच. भीती ही सर्दीसारखी असते, शेजारी बसलं की लागते. काका दर पाच मिनिटांनी पिशवीत बोट घालून बघत होते, आणि मी ढगांकडे पोलीस आल्यासारखी बघत होते. पुढे घाट लागला आणि समोरचा रस्ताच गेला. धुकं.

काकांनी माझं मनगट धरलं.

"पावसाचं काही नाही गं," ते कुजबुजले. "पाऊस समोरून येतो, आवाज करतो. धुकं म्हणजे पाऊसच, चपला हातात घेऊन आलेला."

आम्ही दरीकडच्या एका कठड्याशी उतरलो. दरी दिसत नव्हती, डोंगर दिसत नव्हता, दहा पावलांवरची गाय नुसती ऐकू येत होती. मी छत्री धरली. काकांनी एकेक पिशवी उलगडली. शॉवर कॅपला भिंगापुरतं गोल भोक पाडलेलं होतं.

"मेधा, श्वास तिकडे सोड."

मी तोंड वळवून दरीत श्वास सोडू लागले. काका वाकले, आणि गुडघा अडकला. "आई गं! धर, धर हा. काही करू नकोस, नुसता धर."

मी नुसता धरला. पण भिंगावर धुक्याचे बारीक थेंब जमले होते, आणि मी गेली बत्तीस वर्षं चष्मा वापरते. हाताने आणि तोंडाने मला विचारलंच नाही. मी भिंग ओठांशी नेलं, "हाऽऽ" केलं, आणि ओढणीने पुसलं.

मग मला कळलं मी काय केलं ते.

मी किंकाळीची वाट बघितली. जास्वंदीला एवढी, तर याला केवढी! पण काका ओरडले नाहीत. ते ओल्या कठड्यावर मटकन बसले. तेव्हा मात्र मी घाबरले. गाडी गेलेली, माणूस नाही, फोनला रेंज नाही, आणि बहात्तर वर्षांचे काका माझ्याकडे टक लावून बघतायत.

"काका, ओरडा ना हो. शिव्या द्या."

"नाही ओरडायचं," काका म्हणाले. "एकदा ओरडलोय. इथेच."

त्यांनी माझ्या हातातून कॅमेरा घेतला.

"शैला बसली होती या कठड्यावर. मी बूट बांधत होतो. तिने असंच केलेलं. हाऽऽ केलं आणि पदराने पुसलं, तुझ्यासारखंच. मी चार लोकांसमोर केवढा ओरडलो. मुरबाड येईपर्यंत बोलली नाही ती. मग म्हणाली, 'आता तुमच्या कॅमेऱ्याला हात लावणार नाही.' पावसाळा संपायच्या आतच गेली. दिवाळीत भिंग बघितलं तर कडेला हे. दुरुस्तीवाला म्हणाला, 'वाफ गेली असेल आत, काका. द्या, दहा मिनिटांत पुसून देतो.'" काकांनी भिंगावर तळवा धरला. "दहा मिनिटांत!"

श्वासाने बुरशी येते की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

"वाढू द्यायची नाही आणि पुसायचीही नाही," काका म्हणाले. "तेवढंच काम आहे मला."

मग ते उठले, चार पावलं मागे गेले आणि रिकाम्या कठड्याचा एक फोटो काढला. मी छत्री धरून, तोंड दरीकडे करून उभी होते. परतीच्या एसटीत कोणीच बोललं नाही. मुरबाड गेलं, तरी नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मी जेवढी भ्याले, तेवढी मुलाच्या दहावीच्या निकालालाही भ्याले नव्हते. माझ्या श्वासाची दुसरी बुरशी उगवली तर? ती पहिलीला जाऊन मिळाली तर? मी घरातल्या सगळ्या पुड्या काकांना देऊन टाकल्या. आमच्या गॅलरीतही जाळीखाली पापड आला. साडेसहाला दोन गॅलऱ्यांत दोन पापड वाकायचे आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो. सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माळ हातात घेतली. जप करताना एकदा मध्येच थांबून म्हणाल्या, "पदराने पुसलं होतं, म्हणालीस ना?"

बाविसाव्या दिवशी बेल वाजली. दारात काका, हातात टॉर्च.

"एकच आहे," ते म्हणाले. "जुनीच. तेवढीच आहे."

मी दार सताड उघडलं. माझ्या मागून सासूबाई आल्या, हातात परडी घेऊन. काकांनी परडीकडे बघितलं. जास्वंद होती, नुकतीच तोडलेली, पाकळ्यांवर पाणी.

"मावशी," काका म्हणाले, "फूल ठेवा तुम्ही. फक्त कोरडं करून."

सासूबाईंनी वाद घातला नाही. त्या काकांच्या कपाटासमोर बसल्या आणि पदराच्या टोकाने एकेक पाकळी पुसू लागल्या. काका टॉर्च धरून उभे होते. तिसऱ्या पाकळीला त्यांनी तोंड जिन्याकडे वळवलं आणि श्वास तिकडे सोडला. बराच वेळ तिकडेच बघत राहिले, कपाटाजवळ ओल नको म्हणून.