क्रुगर यांच्या मुलाची गाडी

जगातली सगळी प्रगती घर्षणापाशी अडते. आमच्या ओहायोतल्या बालवीर पथकाला हे मनापासून पटलेलं आहे. म्हणून दर फेब्रुवारीत चर्चच्या तळघरात उतारावरून लाकडी गाड्यांची शर्यत होते. प्रत्येक मुलाला पाइनच्या लाकडाचा वीतभर ठोकळा, चार चाकं आणि चाकं बसवायला चार खिळे मिळतात. गाडी मुलाने करायची, वडिलांनी फक्त मदत करायची, असा नियम आहे. (नियम उत्तम आहे. आम्ही तो चौकटीत घालून भिंतीवर लावला आहे.)

माझे शेजारी ड्वेन क्रुगर यांनी यंदा अशीच मदत केली. उतार सगळ्यांना सारखाच, घोडं अडतं ते खिळ्यापाशी. तेव्हा त्यांनी खिळे आधी पॉलिशपेपरने, मग टूथपेस्टने घासले, चाकांत ग्राफाइटची भुकटी भरली आणि पुढचं एक चाक केसभर वर बसवलं. जे चाक टेकतच नाही, ते घर्षण काय करणार? (याच न्यायाने चारही उचला, असं मी सुचवलं. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.)

उरलेलं घर्षण म्हणजे त्यांचा आठ वर्षांचा कोल्टन. त्याला गाडी फरशीवर पळवायची होती.

"हात लावू नकोस रे राजा, चाकांत धूळ जाईल. तुझीच गाडी आहे ती!"

"मग मी काय करू, बाबा?"

"तू जिंकायचंस."

कोल्टनने एकदा बाबा कामावर गेल्याचं बघून गाडीला निळा रंग फासला होता. रंगाला फुगे आले होते, आणि फुगे हवेला अडवतात. शर्यतीच्या आदल्या दिवशी क्रुगरांनी तो खरवडून गुळगुळीत लाल रंग दिला. मुलाला सांगायचं राहून गेलं.

शर्यतीच्या दिवशी उतारापाशी सगळे वडील दाटीवाटीने उभे होते. मुलं मागे मोजे घालून फरशीवर घसरत होती. (त्यांना घर्षणाचा काही त्रास दिसला नाही.) अंतिम फेरीत दोनच गाड्या उरल्या, एक लाल आणि एक कुणाची तरी निळी. कोल्टन वाट काढत पुढे आला आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडू लागला, "चल माझी निळी! चल, चल!"

क्रुगरांनी त्याच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला, आणि परत खिशात घातला. मला फार वाईट वाटलं. पण गाड्या सुटल्या होत्या, तेव्हा मीही तिकडेच बघितलं.

निकाल इथे मुद्दाम दिलेला नाही. ज्यांच्या मनात आत्ता "पण जिंकलं कोण?" असं आलं, त्यांनी पुढच्या वर्षासाठी आमच्याकडे नाव नोंदवावं. ठोकळा पथकाकडून मिळेल. मूल मात्र नियमाप्रमाणे सोबत आणावं लागतं.