पाणवठ्याच्या वाटेवरचं व्यासपीठ

एका जंगलात, बाळांनो, एक पाणवठा होता आणि तिथं जायला एकच वाट होती. त्या वाटेवर मोठ्या जनावरांनी व्यासपीठ बांधलं. का, ते विचारू नका. लहानांना शिंक येते तसं मोठ्यांना सपाट जागा दिसली की भाषण येतं.

व्यासपीठ बांबूचं होतं. त्याच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या. मोठी जनावरं जाळी तुडवून पाण्यावर जात. लहानांना टेकडीला वळसा घालावा लागे. घरी परत येईपर्यंत पुन्हा घसा कोरडा.

साळू नावाची एक साळिंदर होती. तिचं पिल्लू दिवसभर जीभ बाहेर टाकून बसायचं. ते तिला बघवेना. ती गव्याकडे गेली. गवा पाणवठा समितीचा अध्यक्ष.

"अण्णासाहेब, ते व्यासपीठ तेवढं बाजूला घ्या."

"घेऊ की," गवा रवंथ करत म्हणाला. "पण अशी मागणी व्यासपीठावरूनच मांडायची असते. गुरुवारी सभा आहे. तुम्हीच बोला."

साळू जन्मात कधी चारचौघांसमोर बोलली नव्हती. आठ दिवस ती एका वारुळापुढं उभी राहून एकच वाक्य घोकत होती. 'हे व्यासपीठ वाटेतून हलवा, आमची लेकरं तहानलीत.' वारुळातल्या मुंग्यांनासुद्धा ते पाठ झालं.

गुरुवार उजाडला. साळू वर चढली. समोर एवढी डोकी बघून तिचं अंग शहारलं. आता, तुम्हीआम्ही शहारलो तर काही बिघडत नाही. साळिंदर शहारली की काटे उभे राहतात. नेमकी तेव्हाच गव्यानं तिच्या अंगावर शाल घातली. शाल तंबूसारखी वरच राहिली. हारातले झेंडू एकेका काट्यावर जाऊन बसले. शाल सावरताना नारळ घ्यायला हात मोकळा राहिला नाही, तो तिनं दातांत धरला.

"हं, बोला आता," सूत्रसंचालन करणारी मैना म्हणाली.

साळूनं नारळ खाली ठेवला. "हे व्यासपीठ..."

"अहो बाई," मैना तिच्या कानाशी आली, "आधी मान्यवरांची नावं. रीत आहे ती."

खुर्च्या पाच. साळूनं वनभूषण गवा अण्णासाहेबांपासून पाच नावं घेतली आणि पुन्हा म्हणाली, "हे व्यासपीठ..."

खाली मुंगूस उठून उभं राहिलं. "आमचं नाव राहिलं. आम्ही काय इथं गवत उपटायला आलोय?"

"खालच्यांची नावं घेत नाहीत," मैना म्हणाली.

"मग वर येतो."

आणि आलं. त्याचीही पोरं टेकडीला वळसा घालत होती, हे ध्यानात ठेवा. नुसतं शेवटी नाव जोडलं तर मान राहत नाही, म्हणून साळूला पुन्हा गव्यापासून सुरुवात करावी लागली.

खालच्यांनी हे पाहिलं. वर गेलं की नाव घेतात, टाळी पडते, शिवाय तिथं तांब्याभांडं भरून ठेवलेलं. ससा चढला. घोरपड चढली. माकडं सहकुटुंब चढली. दरवेळी साळू पहिल्यापासून. उन्हं कलली. ते एक वाक्य तिच्या घशात तसंच अडकलेलं.

खाली एकटं कासव उरलं. ते सकाळीच निघालं होतं, आत्ता पोचलं.

"बाबा रे," साळू त्याला म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "तू तरी ऐकून घे."

"ऐकतो की. पण माझं नाव?"

सगळ्यांनी मिळून कासवाला वर ओढलं. बांबू कडकडले. व्यासपीठ मान्यवरांसकट भुईसपाट झालं.

धूळ खाली बसली. समोर वाट मोकळी, पलीकडे पाणी. साळूनं कुणाकडे पाहिलं नाही. शालीसकट पळत पिल्लाला घेऊन आली. पिल्लू पोटाला तडस लागेपर्यंत प्यालं.

दुसऱ्या दिवशी जंगलभर एकच बोलणं.

"काय बोलली हो बाई," मुंगूस सांगत होतं. "एकेकाचं नाव घेऊन बोलली."

"विषय काय होता?" सभेला न आलेल्या खारीनं विचारलं.

"भाषण चांगलं असलं की विषय कशाला लागतो?"

साळूचा जाहीर सत्कार ठरला. सत्काराला व्यासपीठ हवं. बांबूचा भरवसा उरला नव्हता, म्हणून दगडी बांधलं. जागा तीच, कारण सपाट होती. त्याला साळूचं नाव दिलं. साळू 'नको, नको' म्हणाली. दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा नाही.

सत्कार झाला. साळू मधल्या खुर्चीत बसली. अंगावर नवी शाल. काटे कसे झोपवायचे ते तिला आता चांगलं जमत होतं.

खालून पिल्लू ओरडलं, "आई, तहान लागली. वाट पुन्हा बंद झाली."

साळूनं भांड्यातलं पाणी घोटभर घेतलं. ओठ पुसले.

"असं एकदम बोलायचं नसतं, बाळा. आधी मान्यवरांची नावं घे. मधल्या खुर्चीपासून."

तात्पर्य: तहान लागली की पाणवठ्याकडे धावू नये, व्यासपीठाकडे धावावं. तांब्या तिथं भरलेला असतो. आणि खुर्च्यांची पाठ पाणवठ्याकडे असते, त्यामुळे वाट कुणाची अडली हे बघायचा त्रास होत नाही.