दाजींचं बोट

मोखाड्यात दाजींना पत्ता विचारणं हे धाडसाचं काम होतं. बोट करून ‘तिकडं’ असं ते कधीच दाखवायचे नाहीत. आधी हनुवटी उडवायचे, मग कोपर वळवायचे, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर विचारणाऱ्याचे दोन्ही खांदे धरून त्याला बैलासारखा फिरवायचे. “आता नाकासमोर चाला.” सूर्यमाळला निघालेल्या एका परगावच्या माणसाला त्यांनी असंच फिरवलं. तो बिचारा नाकासमोर चालत बाजारातल्या मडक्यांत शिरला.

पहिल्या निवडणुकीत शाई लावायला बोट पुढं करा म्हटल्यावर दाजींनी घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, “डाव्या हाताचं ना?” डाव्याचंच म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. उजवा हात खिशात होता, तो त्यांनी बाहेरसुद्धा काढला नाही.

मी तेव्हा तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो आणि दाजी माझे शेजारी. त्यांची बायको मोखाड्याची, म्हणून ते साऱ्या गावाचे दाजी. ती जाऊन काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, पण गावानं जावयाचा मान काढून घेतला नव्हता. संक्रांतीला तिळगूळ पहिला त्यांना मिळायचा.

जव्हार संस्थान होतं तेव्हा दाजी शिकारखान्यात होते. पाऊस सरला, उत्तरेकडची बदकं नदीवर उतरली, की त्यांनी दरबारी पाहुण्यांना होडीतून घेऊन जायचं. संस्थान विलीन झालं, बंदुका गेल्या, पाहुणेही गेले, आणि दाजी कचेरीत हंगामी कारकून म्हणून येऊन बसले. “बदकं हंगामी, आम्हीही हंगामी,” असं स्वतःच म्हणून हसायचे.

पण नदी काही सुटली नव्हती. नवरात्राच्या सुमाराला शेपटी हलवत पहिला धोबी पक्षी कचेरीच्या अंगणात उतरला, की दाजी टाक खाली ठेवायचे. “वर्दी आली!” मग त्या रविवारपासून दर रविवारी पहाटे वाघ नदीच्या डोहावर. संस्थानचा खाकी कोट, पितळी बटणं घासून लख्ख केलेली, फडक्यात नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. मला म्हणायचे, “चला गुरुजी, पाहुणे आलेत.” होडी जान्या नावाचा वारली चालवायचा. तो दाजींपेक्षाही कमी बोलायचा, म्हणून दोघांचं छान जमायचं.

होडीत दाजींचा कायदा एकच. “हळू. पाणी ऐकतंय.” मी खाकरलो तरी पाणी ऐकायचं, जान्याचा बांबू काठाला लागला तरी पाणी ऐकायचं. एकदा भाकरी चावताना माझ्या दातांचा आवाज झाला, तर मला ती चघळून खायला लावली. हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की कचेरीत दोन कारकून भांडायला लागले तरी दाजी ओठांवर तळवा ठेवून म्हणायचे, “हळू, पाणी ऐकतंय.” उन्हाळ्यात मोखाड्यात प्यायला पाणी नसायचं, तरी दाजींचं पाणी ऐकतच असायचं.

अशात कचेरीत देशावरून एक नवे साहेब आले. त्यांच्याकडं दुनळी बंदूक होती आणि बदकांची आवड होती, खाण्यातली. दाजींचा जुना हुद्दा कुणीतरी त्यांच्या कानावर घातला. साहेबांनी दाजींना बोलावून गोड आवाजात सांगितलं, “हंगामी लोकांना कायम करायचं माझ्या हातात आहे. रविवारी आम्हाला बदकं दाखवा.”

दाजी संध्याकाळी माझ्याकडं आले. चहा निवला तरी पेला तसाच हातात. “नाही म्हणालो तर उद्या घरी बसवतील. या वयात जाऊ कुठं? तुम्ही चला बरोबर. एकट्याला जमायचं नाही.”

रविवारी डोहावर धुकं होतं. पुढं दाजी, मागं बंदूक घेऊन साहेब, त्यांच्यामागं मी, शेवटी जान्या. होडी पाण्यावरून सरकत वाळूच्या पट्ट्यासमोर आली. दाजी थबकले, म्हणजे त्यांना दिसलं होतं. चक्रवाकांची जोडी, नारिंगी रंगाची, वाळूत अशी मिसळून बसलेली की साहेबांना काही दिसेना.

“कुठं?” साहेब कुजबुजले.

दाजींनी हनुवटी उडवली. साहेब हनुवटीकडंच बघत राहिले. दाजींनी कोपर वळवलं. साहेबांनी पाण्यात पाहिलं.

“अहो, बोटानं दाखवा ना!”

दाजी आपल्या उजव्या हातावर बसले होते. अक्षरशः मांडीखाली घेऊन. त्यांनी एकदा वाळूकडं पाहिलं, एकदा बंदुकीकडं, आणि जन्मात ऐकला नव्हता असा खणखणीत आवाज काढला:

“साहेब! जव्हारच्या राजवाड्याचा दगड कसा वाहून आणला, ठाऊक आहे का? ऐकाच!”

जोडी ओरडत उडाली. साहेबांनी बंदूक उचलेपर्यंत ती डोंगराआड गेलीही. दाजींचा राजवाडा मात्र अजून पायाच्या वर आला नव्हता. शब्दाला महाग असलेला जान्या मागून खुदखुदला, “दाजी, पानी आयकतं ना!”

“ऐकू दे आज,” दाजी म्हणाले.

त्या वर्षी कचेरीतले बाकीचे सगळे कायम झाले. दाजी हंगामीच राहिले.

पुढच्या वर्षी दिवाळीतल्या वाघबारशीच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघं पुन्हा डोहावर होतो. मी विचारलं, “दाजी, नोकरीपेक्षा बोट मोठं का हो?”

ते अगदी हळू बोलले. “आमच्यात रीत होती, गुरुजी. मी बोट करायचं, पाहुण्यानं बार काढायचा. कितीतरी पाडली, काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? शेवटच्या हंगामात चक्रवाकाच्या जोडीतलं एक पडलं. दुसरं उडालं ते वळून परत आमच्यावरच आलं. समोर बंदूक दिसत होती त्याला. तरी ओरडत घिरट्या घालत राहिलं. पाहुणे हसले, मीही हसलो.”

त्यांनी कोटाचं बटण उगाचच चोळलं.

“मग ही गेली. सगळं आटोपून घरी आलो, तर दारातून हिला हाक मारली. आत कुणी नाही, ठाऊक होतं. तरी मारली. पुन्हा मारली. तेव्हा ते पाखरू आठवलं. त्यानंतर हे बोट उचलतच नाही हो.”

एवढ्या वर्षांत ज्या गोष्टीवरून आम्ही सगळे त्यांची थट्टा करत होतो, तीच ही. पाणीही ऐकत होतंच.

थोड्या वेळानं दाजींनी वाळूकडं हनुवटी उडवली. मला नेहमीसारखंच काही दिसलं नाही. मी डोळे बारीक केले, मान तिरकी केली, तरी वाळूच.

“नाही दिसत?”

“नाही हो.”

दाजींनी माझा हात हातात घेतला. पहिलं अक्षर गिरवायला शिकवतात तसं माझं बोट उलगडलं आणि हळूहळू वळवत वाळूवर नेलं.

“तुमचं चालतं,” ते म्हणाले. “आता बघा.”

बोटाच्या रोखानं पाहिलं, तर दोघं एकमेकांना खेटून बसले होते. ते उडून जाईपर्यंत दाजींनी माझा हात सोडला नाही.